नदीकाठची पाझर विहीर : पाणी जमिनीकडूनच कसं गाळून घ्यायचं

येरळा आणि माणगंगेच्या काठची जुनी माणसं पिण्याचं पाणी वाहत्या धारेतून भरत नसत. धारेपासून दहा-बारा पावलं लांब वाळूत झरा उकरायचा. पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचं, दुसरंही टाकायचं, आणि मग तळाशी जे निवळशंख पाणी पाझरून येईल ते वाटी-वाटीनं हंड्यात भरायचं. घाई करून वाटी खोल खुपसली की वाळू ढवळायची आणि पुन्हा वाट बघत बसावं लागायचं.

हेच काम मोठ्या मापात जगभर चालतं. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरानं ऱ्हाईन नदीच्या काठावर १८७० साली विहिरी घेतल्या आणि तिथे आजही काठानं गाळलेलं पाणी वापरतात. आपल्याकडे हरिद्वारला गंगेच्या काठच्या मोठ्या विहिरी हेच करतात. अहमदाबादेत साबरमतीच्या वाळूत घेतलेल्या 'फ्रेंच वेल' जुन्या लोकांना ठाऊक आहेत. नदीचं पाणी थेट न उचलता काठाच्या वाळूतून झिरपू द्यायचं आणि ते विहिरीत आलं की उपसायचं, एवढीच रीत आहे.

सांगली-साताऱ्यात ती जमते, पण सगळीकडे जमत नाही. म्हणून हा लेख ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीसाठी, वाड्या-वस्त्यांसाठी आणि मळ्यात राहणाऱ्या घरांसाठी थोडा सविस्तर लिहितो आहे. पोकलेन बोलावण्याआधी पहिले तीन टप्पे वाचाच. खर्च तिथेच वाचतो.

जमीन काय गाळते आणि काय नाही

गाळ, शेवाळ आणि बहुतेक जंतू वाळूत अडकतात. नदीच्या तळाशी आणि काठाला, पाणी जिथून जमिनीत शिरतं तिथे, वरच्या काही इंचांत सूक्ष्मजीवांचा एक चिकट थर धरतो. खरं काम त्याचं. पाण्यातली सेंद्रिय घाण तो खातो आणि रोगजंतूंना पुढे जाऊ देत नाही. त्यातूनही जे जंतू निसटतात ते पुढच्या प्रवासात वाळूच्या कणांना चिकटतात किंवा उपासमारीनं मरतात. द्राक्षबागेत फवारलेल्या बोर्डो मिश्रणातलं तांबं मातीला चिकटून बसतं, फारसं खाली जात नाही. काही कीटकनाशकं वाटेत मोडतात, पण सगळी मोडत नाहीत.

मीठ मात्र वाळूतून सरळ पार होतं. क्षार, म्हणजे ज्याला आपण टीडीएस म्हणतो, जडपणा आणि नायट्रेट यांपैकी वाळू काहीच अडवत नाही. चिखलट, प्राणवायू नसलेल्या थरात जिवाणू थोडंफार नायट्रेट मोडतात, पण त्या भरवशावर पिण्याची योजना आखता येत नाही. उसाला वारेमाप पाणी आणि युरिया देऊन चोपण झालेल्या मिरज, वाळवा, पलूस भागातल्या शिवारात विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल, तर या रीतीनं ते गोड होईल अशी आशा धरू नका. पाणी उकळूनही उपयोग नाही. वाफ उडून जाते आणि नायट्रेट उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीत कालवायचं नाही.

कारखान्याची मळी किंवा सांडपाणी नदीत आलं तर आणखी एक भानगड होते. ते कुजताना जमिनीतला प्राणवायू संपतो आणि खडकात गप्प बसलेलं लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळायला लागतं. उपसताना पाणी स्वच्छ दिसतं, घागरीत तासभर ठेवलं की तांबूस होतं, भांड्यांना डाग पडतात. कधी कुजक्या अंड्याचा वास येतो. असं झालं तर पाणी पायऱ्यांवरून खळखळत खाली सोडून हवा खाऊ द्यायचं आणि मग वाळूच्या टाकीतून गाळायचं. लोह खाली बसतं. मँगनीज जरा हट्टी आहे.

पहिला टप्पा : काठ ओळखा

साताऱ्याच्या वरच्या भागात, वाईच्या पुढे-मागे, नदी बऱ्याच ठिकाणी थेट काळ्या पाषाणावरून वाहते. तिथे काठ गाळणार कसा? बेसॉल्टच्या भेगांतून पाणी धावतं आणि भेगेत वाळू नसते. नदीतली घाण एका दिवसात विहिरीत पोहोचू शकते. विहिरीला पाणी भरपूर लागतं, माणसं खूश होतात आणि पहिल्या पावसात वस्ती जुलाबानं आडवी होते.

कराडपासून खाली, विशेषतः पलूस, मिरज पट्ट्यात, कृष्णेनं मळी, म्हणजे पुराच्या गाळाची जमीन, साठवली आहे. कृष्णाकाठच्या वांग्यांना चव देणारी हीच ती जमीन. पण वरची काळी मळी चिकण असते, पाणी फार हळू सोडते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आपल्याला हवा असतो तिच्या खालचा वाळू-गोट्यांचा थर. तो काही ठिकाणी पुरुषभर मिळतो, काही ठिकाणी वीतभर, तर काही ठिकाणी मळीखाली थेट मुरूम लागतो. येरळा, अग्रणी, माणगंगा या दुष्काळी भागातल्या नद्यांची गोष्ट उलटी. त्यांच्या पात्रात वाळूच वाळू असायची. ती उपसून नेली तिथे आज उघडा खडक दिसतो. वाळूची ट्रॉली गेली तेव्हा गावाची गाळणीच गेली, हे लोकांना फार उशिरा कळलं. बलवडी-तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं ते याच वाळूच्या भांडणातून.

थर बघायला तीन-चार ठिकाणी हातबोअर किंवा साधा चाचणी खड्डा घ्या. प्रत्येक हातभर खोलीची माती वेगळ्या पिशवीत भरा आणि पिशवीवर खोली लिहा. मग बाटलीची चाचणी करा. काचेच्या उभट बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवा. मिनिटाभरात खाली बसते ती वाळू. दोन-तीन तासांत बसतो तो पोयटा. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिलं तर ती चिकणमाती. बरणीत वाळू निम्म्याहून अधिक असेल तर तो थर कामाचा. नुसते मोठे गोटे असतील तर पाणी भरपूर येईल, पण गाळलं जाणार नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याला असतं. तिथल्या भूवैज्ञानिकाला या पिशव्या दाखवा. मोकळ्या हातानं जाऊन 'साहेब, विहीर कुठं पाडू' विचारण्यापेक्षा पिशव्या घेऊन गेलात तर बोलणं वेगळंच होतं. पात्रात किंवा काठावर खोदायला महसूल आणि जलसंपदा खात्याची परवानगी लागते, ती चौकशीही त्याच फेरीत उरका.

दुसरा टप्पा : पाण्याला किती दिवस लागतील

सगळा खेळ वेळेचा आहे. जर्मनीत पिण्याच्या विहिरीभोवती अशी हद्द आखतात की तिथून निघालेलं पाणी विहिरीत यायला निदान ५० दिवस लागावेत, कारण तेवढ्यात बहुतेक रोगजंतू मरतात. आपल्याला दर वेळी ५० जमणार नाहीत, पण हिशेब करता आला पाहिजे.

मध्यम वाळूतून पाणी झिरपण्याची क्षमता ढोबळमानानं दिवसाला २० मीटर धरतात. नदीची पातळी आणि उपसताना विहिरीची पातळी यांत ५० मीटर अंतराला अर्धा मीटर फरक असेल तर उतार ०.०१. वाळूतली पोकळी पाव भाग, म्हणजे ०.२५. आता २० गुणिले ०.०१ भागिले ०.२५ म्हणजे दिवसाला ०.८ मीटर. ५० मीटर यायला साधारण ६२ दिवस. उत्तम.

तोच हिशेब गोट्यांच्या थराला लावा. क्षमता २०० मीटर, बाकी सगळं तेच. वेग दिवसाला ८ मीटर आणि पाणी सहा दिवसांत दारात. आणि मोठी मोटर लावून विहीर दोन मीटर खाली नेली तर उतार चौपट, म्हणून मध्यम वाळूतलेही ६२ दिवस १५-१६ वर येतात. म्हणून साडेसात एचपी चार तास चालवण्यापेक्षा लहान मोटर जास्त तास चालवलेली बरी. शेतीची थ्री-फेज मोजके तास आणि पुष्कळदा रात्रीच, हे मलाही माहीत आहे. पाणीपुरवठ्याची जोडणी वेगळी घ्या किंवा सौर पंप बघा. पण घाईचा उपसा म्हणजे वाळूत वाटी खुपसण्याचाच प्रकार.

जागा ठरवताना ३० ते ६० मीटर अंतरापासून सुरुवात करा. फार जवळ गेलात तर गाळण कमी, फार लांब गेलात तर नदीचं पाणी कमी आणि शिवारातलं मचूळ पाणी जास्त. हा दुसरा मुद्दा लोक विसरतात. विहिरीला पाणी दोन्ही अंगांनी येतं, नदीकडूनही आणि उसाकडूनही. उसाकडचं पाणी पुष्कळदा नदीपेक्षा वाईट असतं.

बंधाऱ्याच्या वरच्या डोहाजवळची जागा मोहात पाडते. बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, घातले की तिथे उन्हाळ्यातही पाणी असतं. पण साचलेल्या पाण्याखाली गाळ बसत जातो आणि झिरपण्याची तोंडं बुजतात. कृष्णेला दर पावसाळ्यात पूर येतो आणि हा गाळ खरवडून नेतो, ही आपल्याकडची सोय आहे. तरी थेट डोहापेक्षा धार जिथे थोडी वाहती राहते असा काठ निवडा. गावाचा नाला नदीला मिळतो त्याच्या खालची बाजू नको.

तिसरा टप्पा : पाणी पुरेल का

चाचणी विहिरीत किंवा जवळच्या जुन्या विहिरीत हे मोजा. समजा विहिरीचा व्यास ४ मीटर. एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे १२,५६० लिटर. मोटर लावून पातळी एक मीटर खाली आणा, मोटर बंद करा आणि दोरीला गाठ मारून पातळी चढताना वेळ लिहा. मीटर भरायला तीन तास लागले तर ताशी सुमारे ४,२०० लिटर झिरपा.

दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज १,१०,००० लिटर लागतात. भागून बघा, २६ तास आले. दिवसाचे तास २४. म्हणजे एक विहीर पुरणार नाही. दोन लागतील, किंवा हे पाणी फक्त पिण्या-स्वयंपाकाला आणि वापराला जुनी योजना. मे महिन्यात, धरणाचं आवर्तन सुटायच्या आधी नदी सर्वांत खाली असते. मोजमाप तेव्हाचं धरा. ऑगस्टमधलं मोजमाप म्हणजे स्वतःची फसवणूक.

चौथा टप्पा : बांधणी

खोदाई उन्हाळ्यात, पाणी खाली गेल्यावर. वाळूत उभी खोदाई ढासळते, म्हणून सिमेंटच्या रिंगा बसवून आतून माती काढत त्या खाली उतरवायच्या. आत माणूस असताना वर एक माणूस आणि दोर हवाच. खोल विहिरीत डिझेल इंजिन आत उतरवायचं नाही, त्याच्या धुरानं माणसं मेली आहेत.

वरच्या रिंगा बंद हव्यात, भोकं फक्त वाळूच्या थरासमोर. भोकांच्या बाहेरून आधी जाडी खडी, मग बारीक खडी, मग चाळलेली जाड वाळू असा वेढा द्या, म्हणजे मूळ थरातली बारीक वाळू आत येणार नाही. तळाशीही हाच क्रम उलट्या दिशेनं. वरच्या दोन-तीन मीटरमध्ये रिंगेभोवती चिकणमाती पाण्यात मळून ठोकून भरा. काठाच्या काळ्या मातीच्या भेगांतून वरचं घाण पाणी रिंगेच्या कडेनं थेट खाली उतरतं, ते इथे अडतं. ठेकेदार हे काम हमखास टाळतो, कारण ते नंतर दिसत नाही. समोर उभं राहून करून घ्या.

वर काँक्रीटचं झाकण, भोवती दोन मीटरचा बाहेर उतरता ओटा. कठडा पुराच्या रेषेच्या वर न्यायचा तर सांगलीकडे तो मनोराच होईल. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेवढा उंच कठडा जमत नसेल तर झाकण रबराची पट्टी घालून बोल्टनं घट्ट बसेल असं करा आणि हवेची नळी उंच न्या.

नदी आणि विहीर यांच्यामधली पट्टी हा गाळणीचाच भाग आहे. तिथे शेणखताचा खड्डा, जनावरांचा गोठा, शौचालयाचा शोषखड्डा, युरियाची गोणी, काहीही नको. पट्टी पंचायतीच्या नावावर होत नसेल तर शेतकऱ्याशी लेखी करार करून तिथे नुसतं गवत ठेवा. विहिरीपासून शोषखड्डा १५ मीटर लांब हा नियम मातीच्या जमिनीचा आहे. भेगाळ खडकात तो अपुरा पडतो.

पाचवा टप्पा : विहीर नदीचं पाणी देते की शिवारातलं?

यासाठी चालकता मोजणारं पेनासारखं यंत्र पुरतं. चालकता म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते; क्षार जास्त तर आकडा जास्त. तीन ठिकाणी मोजा: नदी, नवी विहीर, आणि नदीपासून लांबची एखादी शेतविहीर. समजा नदी ३००, शेतविहीर ११५० आणि आपली विहीर ४७०. शेतविहिरीतून आपली वजा केली, ६८०. शेतविहिरीतून नदी वजा केली, ८५०. ६८० भागिले ८५० म्हणजे ०.८. विहिरीत ८० टक्के पाणी नदीचं आहे. महिन्याला एकदा हे वहीत लिहा. उसाकडचं पाणी वाढायला लागलं की विहिरीच्या चालकतेचा आकडा वर सरकतो, नायट्रेट वाढल्याचं कळायच्या आधीच.

खरी परीक्षा जून-जुलैत. पहिलं तांबडं पाणी येतं तेव्हा नदीची चालकता एकदम पडते. त्या दिवसापासून विहिरीत रोज मोजा. विहिरीतला आकडा किती दिवसांनी उतरायला लागला, तेवढे दिवस नदीचं पाणी वाटेत होतं. प्रयोगशाळा नको, रंग नको, वरुणराजा फुकट चाचणी करून देतो. महिना-दीड महिना लागला तर काठ भरवशाचा. आठवड्यात उतरला तर गाळण आहे, पण टीसीएलवर, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीन पावडरीवर, बारीक लक्ष हवं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच विहीर तांबूस झाली तर मध्ये कुठेतरी भेग आहे. त्या विहिरीला पाझर विहीर म्हणू नका. ती नदीच आहे, असं धरून पुढची प्रक्रिया करा.

जंतूंसाठी काळी पडणारी एच टू एस बाटली ग्रामपंचायतीला मिळते. सांगितलेल्या खुणेपर्यंत पाणी भरून उबेला ठेवायचं. २४ ते ४८ तासांत काळं झालं तर विष्ठेचं प्रदूषण. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पूर्ण तपासणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत. नमुना तोटीचा नको, विहिरीचा आणि तोटीचा असे दोन पाठवा. घाण विहिरीत आहे की पाइपात, ते त्यातूनच कळतं.

टीसीएल तरीही लागतंच

पाणी विहिरीत कितीही स्वच्छ आलं, तरी गावातल्या नळाला कुठे ना कुठे गळती असते आणि गटार शेजारूनच गेलेलं असतं. ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर असेल तर हजार लिटरला २.५ ग्रॅम घातल्यावर लिटरला सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन पडतं. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची. अर्ध्या तासानं पाणी सोडायचं. शेवटच्या घरच्या तोटीला ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. ओटी टेस्टला, म्हणजे उरलेलं क्लोरीन दाखवणाऱ्या थेंबांच्या चाचणीला, पिवळी झाक दिसली की झालं. पोतं उघडं राहिलं, ओलं झालं, तर क्लोरीन उडून जातं आणि जलसुरक्षक पांढरा चुना टाकत बसतो. काठानं गाळलेल्या पाण्यात सेंद्रिय घाण कमी असते, त्यामुळे थोड्या पावडरीत काम होतं आणि वासही कमी येतो.

वाळूचा काठच नसेल तर

मग काठ टाकीत तयार करायचा. मंद वाळू गाळणी म्हणतात ती हीच. जर्मनीतली हाम्बुर्ग आणि आल्टोना ही शेजारची शहरं एल्ब नदीचंच पाणी पीत होती. १८९२ च्या पटकीत, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत, हाम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसं मेली, वाळूनं गाळून पिणारं आल्टोना बरंचसं वाचलं. टाकीत तळाला खडी, वर साधारण ९० सेंटिमीटर बारीक धुतलेली वाळू आणि तिच्यावर कायम पाणी. एक चौरस मीटरमधून ताशी १०० ते २०० लिटरच काढायचे. वरचा जिवंत थर धरायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर ते पाणी पिऊ नका. धार मंदावली की वरची दोन सेंटिमीटर वाळू खरवडायची. खाली उरलेली वाळू सुकू द्यायची नाही, थर मरतो.

बोअर पुनर्भरणाबद्दल एक वाक्य इथेच. शेतातलं किंवा रस्त्यावरचं पाणी नळीनं थेट बोअरमध्ये सोडणं म्हणजे जमिनीची सगळी गाळणी टाळून घाण खालच्या भेगेत पोहोचवणं. पुनर्भरण करायचंच तर छपराचं पाणी, पहिला पाऊस वगळून, वाळूच्या खड्ड्यातून.

पूर येऊन गेल्यावर

विहीर बुडाली असेल तर पाणी ओसरल्या-ओसरल्या मोटर लावून ती कोरडी करू नका. भोवतालची जमीन अजून तुंबलेली असते, बाहेरचा दाब रिंगा आत ढकलतो. नदी खाली जाईपर्यंत थांबा, तोवर गावाला टँकर. मग रोज थोडं थोडं उपसा, तळाचा गाळ काढा. नंतर उरलेल्या पाण्यात हजार लिटरला १५० ग्रॅम टीसीएलची निवळी घालून भिंती त्याच पाण्यानं धुवा आणि रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी हे पाणी नदीत किंवा पिकात न सोडता मोकळ्या जागी उपसून टाका. क्लोरीनचा वास गेला की एच टू एसची बाटली लावा. ती काळी न पडता ४८ तास राहिली, आणि आठवड्यानं पुन्हा तसंच झालं, की मगच गावाचा व्हॉल्व्ह उघडा.